बसणाऱ्याचंही नाव लिहा
कला महाविद्यालयांत कलेतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापकांना आणि अभ्यासमंडळांच्या सदस्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी एका शाळेत चित्रकला शिकवतो. माझ्याकडून एलिमेंटरी, इंटरमिजिएट देऊन पुढे गेलेली काही मुलं तुमच्याकडे शिकतात. सुट्टीत घरी आली की पोर्टफोलिओ घेऊन येतात, प्रश्नपत्रिका दाखवतात. अशाच एका प्रश्नपत्रिकेत एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय कलेवर प्रश्न होता: फ्रेंच चित्रकार अँग्रच्या रेखांकनाची वैशिष्ट्यं लिहा. मुलीने लिहिलं होतं की रेषा प्रवाही आहे, लयदार आहे, अभिजात संयम आहे, चेहऱ्यावर बारीक शेडिंग आणि कपडे मोकळ्या रेषेत. मार्क चांगले पडले. उत्तर बरोबरच होतं. मी तिला विचारलं, त्या चित्रांतली ही माणसं कोण होती गं? अँग्रकडे ती का आली? पैसे कुणी मोजले? तिला सांगता येईना. म्हणाली, सर, हे विचारत नाहीत.

तेच तुम्ही विचारावं, म्हणून हे पत्र.

त्या शतकात युरोपात चित्रकाराकडून काढवून घेतलेलं व्यक्तिचित्र ही नुसती हुबेहूबपणाची कसरत नव्हती. समाजात आपली जागा कुठली, हे माणूस त्या कागदावर नोंदवून घेत असे. ज्याला नोंदवता येत नसे, त्याची नोंद दुसरेच कुणी करत. कुणाच्या चित्राखाली नाव आलं, कुणाच्या खाली फक्त धंदा, कुणाच्या बाहीवर नंबर. रेषेबद्दल तुम्ही शिकवता ते शिकवाच, पण ही दुसरी बाजू सोडली तर अर्धंच चित्र शिकवल्यासारखं होतं.

पेन्सिलीपासूनच सुरुवात करू. आपण मुलांना टूबी, फोरबी, सिक्सबी आणायला सांगतो. ही कठीण-मऊची प्रतवारी शक्य झाली ती निकोला-जाक काँतेमुळे. इंग्लंडशी युद्ध जुंपल्यामुळे फ्रान्सला तिथलं उत्तम ग्राफाइट मिळेनासं झालं. तेव्हा काँतेने ग्राफाइटची पूड मातीत कालवून भट्टीत भाजली आणि १७९५ साली त्याचं पेटंट घेतलं. माती जास्त तर पेन्सिल कठीण, कमी तर मऊ. तैलचित्राला कॅनव्हास लागतो, रंग लागतात, वाळायला आठवडे लागतात. पेन्सिलीच्या चित्राला एक कागद आणि बसणाऱ्याचा एखादा दिवस पुरे. त्यामुळे ज्याच्याकडे वाडा नाही पण बऱ्यापैकी पगार आहे, पेन्शन आहे, दुकान आहे, अशालाही आपलं चित्र परवडू लागलं. हा वर्ग त्या काळात झपाट्याने वाढत होता आणि आपण कोण, हे सगळ्यांना दिसावं याची त्याला फार निकड होती. सरदाराला ती नसते. त्याच्याकडे वंशावळ असते.

आता अँग्र. १८०१ साली त्याने रोमला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती जिंकली, पण तिजोरीत खडखडाट म्हणून प्रत्यक्ष जायला १८०६ उजाडलं. त्या काळात रोम नेपोलियनच्या ताब्यात गेलं आणि फ्रेंच अधिकाऱ्यांची तिथे रेलचेल झाली. अँग्रला गिऱ्हाइकं मिळाली. मग नेपोलियन पडला, अधिकारी आपापले बाडबिस्तरे आवरून परतले आणि बायकोसह रोममध्ये राहिलेल्या अँग्रवर हात चोळत बसायची वेळ आली. पण युद्ध संपल्यामुळे इंग्रजांना युरोप पुन्हा खुला झाला होता. वर्षानुवर्षं बेटावर अडकलेले श्रीमंत इंग्रज १८१५ नंतर रोमला लोटले. त्यांना आठवण म्हणून घरी न्यायला काहीतरी हवं होतं. अँग्रने पेन्सिल उचलली.

याबद्दलचा एक किस्सा सांगतात. दारावर कुणी आलं आणि विचारलं, छोटी छोटी पोर्ट्रेटं काढणारा तो माणूस इथेच राहतो का? अँग्र म्हणाला, नाही, इथे राहतो तो चित्रकार आहे. किस्सा खरा असो की रचलेला, त्यात त्याचं दुखणं नेमकं दिसतं. समोर बसणाऱ्याला आपला दर्जा दाखवायचा होता, तसाच काढणाऱ्यालाही. त्याला इतिहासचित्रकार, म्हणजे इतिहास-पुराणातले मोठे प्रसंग रंगवणारा, म्हणून नाव हवं होतं. पेन्सिलीची पोर्ट्रेटं म्हणजे पोटासाठीची कामं, असं तो मानी. आज त्याची अशी सव्वाचारशेहून जास्त रेखाटनं माहीत आहेत, आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर त्याच्या मोठमोठ्या पौराणिक कॅनव्हासांपेक्षा तीच जास्त जिवंत आहेत.

यांतलं एक वर्गात दहा मिनिटं लावून बघा. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातलं १८१८ सालचं स्टामाती कुटुंब. कुटुंबप्रमुख मूळचा ग्रीक, नंतर फ्रेंच नागरिक झालेला आणि रोमजवळच्या चिविताव्हेक्कियाच्या बंदरात फ्रान्सचा वाणिज्यदूत (कॉन्सल) म्हणून नेमलेला. म्हणजे परक्या देशात, दुसऱ्या परक्या देशाचा प्रतिनिधी. त्याला आपण नेमके कोण आहोत हे कागदावर पक्कं करून हवं असणार, यात नवल ते काय? चित्रात पियानो आहे. थोरली मुलगी पियानोपाशी उभी आहे आणि तिची बोटं पट्ट्यांवर आहेत. घरात पियानो असणं आणि मुलगी तो वाजवत असणं, ही त्या काळच्या मध्यमवर्गाची सनद होती. बाप उभा आहे तो घरातल्या बापासारखा नव्हे, कचेरीतल्या साहेबासारखा. चेहऱ्यांवर अँग्रने टोकदार पेन्सिलीने इतकं बारीक काम केलंय की प्रत्येकाचा स्वभाव वेगळा कळतो. कपड्यांवर मात्र रेषा नुसती धावते. पण धावता धावताही ती बाह्यांची फुगी, कॉलरची कडक घडी, कोटाची बेतणी सोडत नाही. जे पाहून शेजाऱ्याला अंदाज बांधता येतो, ते सगळं तिने टिपलंय. त्याच वर्षी हा वाणिज्यदूत वारला आणि बायको मुलांना घेऊन फ्रान्सला परतली. चित्रातला लहान मुलगा कामीय पुढे नावाजलेला पियानोवादक आणि शिक्षक झाला. सँ-साँस हा संगीतकार त्याच्याच हाताखाली तयार झाला. चित्रातला पियानो वायफळ नव्हता म्हणायचा.

इंग्रज गिऱ्हाइकांची चित्रं याहून वेगळी आहेत. १८१६ सालचा लॉर्ड ग्रँथम बघा. तो उभा आहे आणि मागे सेंट पीटरचा घुमट. आम्ही रोमला जाऊन आलो, याचा हा पुरावा. आज आपले लोक आयफेल टॉवरसमोर उभे राहतात त्याला आपण हसतो, पण त्याची परंपरा चांगली खानदानी आहे. त्याच वर्षी काढलेलं एका इंग्रज बाईंचं सुंदर रेखाटन वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. कलेतिहासात त्या ‘मिसेस चार्ल्स बॅडम’ म्हणून ओळखल्या जातात. चेहरा बाईंचा, हात बाईंचे, टोपी बाईंची आणि नाव अथपासून इतिपर्यंत नवऱ्याचं. मुलांना हे चित्र दाखवाल तेव्हा रेषेआधी शीर्षकाकडे बोट करा.

आणि लेतिएर. हे नाव आपल्याकडच्या नोट्समध्ये मला कधी दिसलं नाही. गियोम लेतिएर कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर १७६० साली जन्मला. बाप गोरा फ्रेंच अधिकारी, आई मिश्रवंशीय आणि एकेकाळी गुलामगिरीत राहिलेली. बापाने त्याला कायद्याने आपला मुलगा मानलं ते १७९९ साली, म्हणजे मुलगा चाळिशीला टेकल्यावर. हाच लेतिएर १८०७ पासून १८१६ पर्यंत रोममधल्या फ्रेंच अकादमीचा संचालक होता. अँग्रच्या काळातला रोममधला सगळ्यांत वजनदार फ्रेंच चित्रकार तोच. त्याआधीच, १८०२ मध्ये, नेपोलियनने वसाहतींतली गुलामगिरी परत आणली होती. अँग्रने लेतिएरचं, त्याच्या बायकोचं, त्याच्या मुलाच्या कुटुंबाचं चित्र काढलं. ज्या राज्याने त्याच्या आईच्या माणसांना पुन्हा बेड्या घातल्या, त्याच राज्याच्या अकादमीचा हा प्रमुख, आणि कागदावर तो इतर कुठल्याही प्रतिष्ठित गृहस्थासारखा रुबाबात आहे. हे एक चित्र घेऊन तुमचा अख्खा तास निघेल. अलीकडे, २०२४ मध्ये, अमेरिकेतल्या क्लार्क संस्थेने आणि लूव्ह्रने मिळून लेतिएरचं मोठं प्रदर्शन भरवलं. तेव्हा साहित्य मिळत नाही, अशी सबब आता चालायची नाही.

पोझ ही गोष्टही आपण मुलांना नुसती तोल आणि प्रमाण म्हणून शिकवतो. अँग्रने १८३२ साली बेर्तँ या वर्तमानपत्राच्या मालकाचं तैलचित्र केलं, त्याआधीची रेखाटनं बघा. एकात बेर्तँ उभा आहे, नीटनेटका, सरदारी थाटात. जमेना. अँग्र वैतागला, रडकुंडीला आला म्हणतात. मग एकदा गप्पांच्या ओघात बेर्तँ खुर्चीत रेलून, दोन्ही पंजे मांड्यांवर रोवून बसलेला त्याला दिसला आणि चित्र सापडलं. उभं राहणं राजेरजवाड्यांचं. पैसा आणि छापखाना हाती असलेल्या माणसाला उभं राहायची गरज नाही, तो बसतो आणि समोरचा उभा राहतो. नव्या वर्गाला आपली पोझ मिळाली ती अशी.

आता जे बसले नाहीत त्यांच्याबद्दल.

रोमला जाण्यापूर्वी १८०६ साली अँग्रने फोरेस्तिए कुटुंबाचं रेखाटन केलं. मध्ये पियानोपाशी ज्यूली. ती स्वतः चित्रकार होती आणि तेव्हा अँग्रशी तिचा साखरपुडा झालेला होता (पुढे मोडला). आजूबाजूला आईवडील, मामा. आणि कडेला मागे मोलकरीण. तिचं नावही आज माहीत आहे, क्लोतिल्द. होणारा जावई म्हणून अँग्र त्या घरात रुळला होता, तिच्या हातचं खात होता, त्यामुळे ती त्या कागदावर आली असावी, असा माझा अंदाज. पैसे देऊन काढून घेतलेल्या कुटुंबचित्रांत मोलकरणी शोधून बघा. सहसा सापडत नाहीत, आणि सापडल्या तरी निनावी.

म्हणजे कष्टकऱ्याचं वर्णन कुठेच होत नव्हतं असं नाही. होत होतं, पण पोलिसांच्या वहीत. फ्रान्समध्ये १८०३ पासून मजुराला एक पुस्तिका बाळगावी लागे. तिच्यात नाव, वय, जन्मगाव, धंदा आणि चेहऱ्यामोहऱ्याचं वर्णन असे. मालकाने तिच्यावर सही केल्याशिवाय दुसरीकडे काम धरता येत नसे आणि पुस्तिकेशिवाय प्रवासात सापडला तर तो भटक्या गुन्हेगार. ही पद्धत १८९० पर्यंत होती. एकाच पॅरिसमध्ये एकाच्या नाकाची ठेवण अँग्र टोकदार पेन्सिलीने काढतो आहे आणि दुसऱ्याच्या नाकाची नोंद कारकून शाईने करतो आहे. या दोन कागदांची जोडी वर्गात शेजारीशेजारी लावली, तर व्याख्यानाची गरज उरणार नाही.

चेहरा काढणं किती गंभीर बाब होती, हे सत्ताधाऱ्यांना तर पक्कं ठाऊक होतं. फिलिपाँ या संपादकाने १८३१ मध्ये राजा लुई-फिलिपचा चेहरा टप्प्याटप्प्याने बदलत नेत त्याचं नासपती फळ करून दाखवलं, तेही खटल्यात, स्वतःच्या बचावासाठी. चेहरा फळासारखा दिसत असेल तर माझा काय दोष, असा त्याचा युक्तिवाद. काही दिवसांत पॅरिसच्या भिंतीभिंतींवर पोरांनी नासपती काढल्या. दोमिए या चित्रकाराला राजाच्या एका व्यंगचित्रापायी सहा महिन्यांची कैद झाली. आणि राजावर प्राणघातक हल्ला झाल्यानंतर सप्टेंबर १८३५ मध्ये जो कायदा झाला तो वाचण्यासारखा आहे: मजकूर छापायला पूर्वपरवानगी नको, चित्र छापायला हवी. सरकारचं म्हणणं असं की लिहिणं हे मतप्रदर्शन, चित्र ही कृती. साक्षर नसलेल्यालाही चित्र वाचता येतं, ही त्यातली खरी भीती. आपण मात्र दोमिएला वास्तववादाच्या धड्यात दोन ओळींत गुंडाळतो.

पेन्सिलीचं चित्रही न परवडणाऱ्यांसाठी काळ्या कागदाच्या सावल्या होत्या. कात्रीने बाजूचा चेहरा कापून पांढऱ्या कागदावर चिकटवायचा, काही मिनिटांचं काम. ओगुस्त एदुआर हा फ्रेंच माणूस ब्रिटनभर फिरून अशा सावल्या कापत असे, आणि त्याची एक सवय मला फार आवडते: प्रत्येकाची दुसरी प्रत तो स्वतःजवळ ठेवी आणि तिच्यावर नाव, गाव, तारीख लिही. एडिंबरोत आश्रयाला आलेला फ्रान्सचा पदच्युत राजा असो की कुणी साधा माणूस. १८४९ मध्ये त्याचं जहाज ग्वेर्न्सी बेटापाशी फुटलं आणि यातल्या कितीतरी वह्या बुडाल्या. ज्या वाचल्या, त्यांच्यामुळे हजारो सामान्य माणसांचे चेहरे नावासकट उरले आहेत. कलेच्या इतिहासात एदुआरला कुणी वरच्या रांगेत बसवणार नाही. नोंद ठेवण्यात मात्र तो भल्याभल्यांना भारी होता.

मेंझेलवर थोडं थांबतो, कारण एकाच हाताने नावाची आणि निनावी, दोन्ही प्रकारची माणसं कशी काढली, हे त्याच्याकडे दिसतं. आडोल्फ मेंझेल बर्लिनचा. उंचीने अगदी ठेंगणा. कोटाच्या खिशांत कायम वह्या आणि सुताराची जाड पेन्सिल. ऑक्टोबर १८६१ मध्ये प्रशियाच्या राजाचा क्योनिग्सबेर्गमध्ये राज्याभिषेक झाला आणि त्याचं चित्र करायचं काम मेंझेलला मिळालं. त्याला चार वर्षं लागली. त्या चित्रात शंभराहून जास्त ओळखता येणारी माणसं आहेत: मंत्री, सेनापती, दरबारी. मेंझेलने त्यांना एकेकाला समोर बसवून रेखाटनं केली. पदकं, पट्टे, टक्कल, दुहेरी हनुवट्या, काही सोडलं नाही. कोण कुठे उभा राहणार, याला मानापमानाचे पैलू होते. प्रत्येक डोक्यामागे नाव, हुद्दा, घराणं.

राज्याभिषेकानंतर अकरा वर्षांनी, १८७२ मध्ये, हाच मेंझेल अप्पर सायलेशियातल्या क्योनिग्सह्युट्टे इथल्या लोखंडाच्या कारखान्यात गेला. रूळ लाटण्याच्या यंत्रांपाशी उभं राहून त्याने शंभरावर रेखाटनं केली. चिमटे धरणारे हात, उष्णतेपासून तोंड फिरवणारा माणूस, पाळी संपल्यावर अंग धुणारे कामगार, कोपऱ्यात बसून घाईघाईने जेवणारे, डबा घेऊन आलेली मुलगी. त्यातून १८७५ मध्ये पूर्ण झालेलं लोखंड कारखान्याचं मोठं चित्र आज बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दरबाऱ्यांसाठी वापरला तोच डोळा, तोच हात, तितकीच मेहनत. उलट मला विचाराल तर कामगारांची रेखाटनं सरस आहेत, कारण तिथे कुणी पोझ देत नव्हतं. पण चित्राच्या नावात आहे तो कारखाना. माणसं घाम गाळताना दिसतात, नावाने एकही भेटत नाही. कुणी ठरवून ती पुसली असं नाही. ती टिपायला हवीत, असं कुणाच्या मनातच आलं नाही.

आता बाहीवरच्या नंबराकडे येतो.

व्हॅन गॉग तुम्ही सगळेच शिकवता. सूर्यफुलं, तारकांची रात्र, कान. पण १८८२ साली तो हेगमध्ये होता, तिशीला आला होता, रंगाला अजून फारसा हात लावला नव्हता आणि नुसतं ड्रॉइंग करत होता. मॉडेलला द्यायला पैसे भावाकडून यायचे. त्या शरद ऋतूत त्याला गावातल्या एका धर्मादाय वृद्धाश्रमातले म्हातारे बसायला मिळाले. त्यातला एक त्याने पुन्हा पुन्हा काढला: टक्कल, कानाजवळ पांढरे केस, भरघोस गलमिशा, लांब कोट. कधी छत्री घेऊन पाठमोरा, कधी उंच टोपी घालून, कधी छातीवर जुनं लष्करी पदक लावून, कधी खुर्चीत बसून दोन्ही मुठींत डोकं खुपसलेला. हे शेवटचं रेखाटन त्याने शिळाछापातही केलं आणि आठ वर्षांनी, मरणाच्या काही महिने आधी, त्याच्यावरून तैलचित्र केलं. ते तुमच्या पुस्तकात असतंच.

आश्रमातल्या प्रत्येकाला बाहीवर आपला नंबर लावावा लागे. व्हॅन गॉगने जे दिसलं ते काढलं, नंबरही काढला: १९९. पुढे विसाव्या शतकात अभ्यासकांनी आश्रमाच्या जुन्या नोंदवह्यांशी तो नंबर ताडून पाहिला आणि म्हाताऱ्याचं नाव मिळालं. आद्रियानुस याकोबुस झाउदरलांड. वय तेव्हा बहात्तर. म्हणजे ज्या खुणेने संस्थेने त्याचं नाव झाकलं, तीच प्रामाणिकपणे काढली गेल्यामुळे नाव परत मिळालं. व्हॅन गॉगने शेडिंग साधावं म्हणून किंवा चित्र जास्त करुण दिसावं म्हणून बाही अंधारात ढकलली असती, तर आज तो कुणी एक म्हातारा राहिला असता. पदकाचंही तसंच. एकाच कोटावर देशाने दिलेला मान आणि आश्रमाने दिलेला आकडा. यापेक्षा नेमकं सामाजिक ओळखीचं चित्र मला तरी ठाऊक नाही.

व्हॅन गॉगच्या डोक्यात त्या वेळी अशी स्वस्त छापील चित्रं काढायची योजना होती की ती कामकऱ्यांच्या घरात भिंतीवर लागावीत. योजना तडीस गेली नाही. त्याआधीच फोटोने बाजार मारला होता. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ मध्ये एका काचेवर आठ छोटे फोटो घ्यायची युक्ती पेटंट केली आणि पोर्ट्रेटची किंमत धाडकन खाली आली. वाण्यालाही आता कापडी खांबापाशी, पडद्यासमोर उभं राहून सरदार होता येऊ लागलं. १८८० नंतर पॅरिसच्या पोलिसांनी, बेर्तियाँच्या पद्धतीने, कैद्यांचेही समोरून-बाजूने फोटो आणि मापं घ्यायला सुरुवात केली. फोटोची गोष्ट तुमच्या अभ्यासक्रमात स्वतंत्र आहे, तिच्यात शिरत नाही.

हे सगळं दूरचं आहे, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झालं ते याच युरोपीय शिस्तीवर. १८६५ पासून तिथे शिकवणारे लॉकवुड किपलिंग यांनी १८७० ते १८७२ मध्ये सरकारी कामगिरीवर उत्तर हिंदुस्थानात फिरून कारागिरांची अतिशय देखणी रेखाटनं केली. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांतलं एक प्रसिद्ध रेखाटन: सिमल्याचा लाकूडकोरीव काम करणारा. नाव धंद्याचं, नाव गावाचं. माणसाचं नाही. पेन्सिलीबरोबर आपण ही सवयही घेतली आणि ती अजून सुटलेली नाही.

तुमच्या हेड स्टडीच्या वर्गात मॉडेल बसतं. बहुधा आसपासच्या वस्तीतले आजोबा, फेटा बांधलेले, किंवा नऊवारीतल्या आजी. सुरकुत्या चांगल्या म्हणून. सकाळपासून दुपारपर्यंत ती माणसं हालचाल न करता बसतात. मान अवघडते, पाय बधिर होतात, चहाच्या सुट्टीत उठून पाय मोकळे करतात आणि पुन्हा खडूने आखलेल्या खुणेवर येऊन बसतात. मुलांच्या शीटवर काय असतं? उजव्या कोपऱ्यात विद्यार्थ्याचं नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, तारीख, सरांची सही. समोर बसलेल्या माणसाबद्दल एक अक्षर नाही. वार्षिक प्रदर्शनात तेच शीट ‘वृद्ध’ किंवा ‘ग्रामीण स्त्री’ म्हणून लागतं, बक्षीस घेतं, कुणाच्या दिवाणखान्यात जातं. माझ्याकडे येणारा एक विद्यार्थी तीन सत्रं एकाच आजोबांची स्टडी करत होता. त्यांच्या डाव्या भुवईवरची खोक त्याला झोपेतही काढता येईल. आजोबांचं नाव विचारलं तर म्हणाला, आम्ही त्यांना काकाच म्हणतो.

यावर एक आक्षेप येणार, तो आधीच घेतो. काहींना नाव नको असेल, विशेषतः बायकांना. फिगर स्टडीला बसणाऱ्या बाईने ते घरी सांगितलेलंच नसेल. अगदी मान्य. म्हणूनच विचारायचं. नको म्हणाल्या तर ‘नाव देण्यास नकार’ असं लिहायचं, म्हणजे निदान विचारल्याची नोंद राहील. पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयाने २०१९ मध्ये कृष्णवर्णीय मॉडेलांवर प्रदर्शन भरवलं, तेव्हा जुन्या चित्रांच्या पाट्या बदलून, जिथे शोध लागला तिथे माणसांची नावं लावली. जेरिको आणि शासेरिओ या फ्रेंच चित्रकारांसमोर बसणारा हैतीचा जोसेफ त्यांतलाच. तिथे त्यांना दोनशे वर्षं मागे जाऊन दप्तरं उपसावी लागली. आपल्याकडे माणूस समोर खुर्चीत बसलेला आहे.

तेव्हा माझ्या मागण्या थोड्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या घटकात कलेतल्या वादांची (इझम्सची) यादी जरा कमी करा आणि रेखाटनाला जागा द्या. स्टामाती, लेतिएर, मेंझेलचे कामगार आणि झाउदरलांड हे चौघं आले तरी पुष्कळ झालं. परीक्षेत निदान एक प्रश्न असा घाला की व्यक्तिचित्र समोर ठेवून कपडे, हात, खुर्ची, शीर्षक यांवरून बसणाऱ्याची सामाजिक जागा ओळखायला लावेल. पाठांतराने तो सुटणार नाही, म्हणून मुलं कुरकुर करतील. करू द्या.

आणि येत्या जूनपासून शीटच्या कोपऱ्यात एक ओळ वाढवा: बसणाऱ्याचं नाव, गाव, काम. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, समितीही नको. मॉडेलच्या मानधनाचं रजिस्टर तुमच्या ऑफिसात आहेच. त्यात सहीसाठी नाव लिहिलेलं असतं. क्लार्ककडून ते मागून घ्या आणि फळ्यावर लिहा. मुलं उतरवून घेतील.

आपला,
एक ड्रॉइंग मास्तर